परवडणारे घर आणि गावचे नियम



गावात मोकळी जमीन दिसते, तरी मुलांना परवडेल असे घर मिळत नाही. असे का? इस्रायलमधील सुमारे ९३ टक्के जमीन सरकारी व्यवस्थापनाखाली आहे. पण १९६५ च्या नियोजन व बांधकाम कायद्याप्रमाणे बांधकामाचा परवाना स्थानिक समितीकडून घ्यावा लागतो.

आता हिशेब करा. राहत्या घराचा अर्नोना थोडा. कचेरीचा दर मीटरला कित्येक पट. उलट नव्या कुटुंबाला बालवाडी, शाळा, सफाई हवी. म्हणून नगरपालिकेला कचेऱ्या प्रिय. शिवाय आराखड्यात घरांची संख्या ठरलेली असते. दहाच घरे बांधायची, तर बिल्डर मोठी व महागच बांधतो.

२०११ च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या रॉथशिल्ड मार्गावर तरुणांनी तंबू ठोकले. पुढे सरकारने किर्यात गतसारख्या नगरपालिकांशी करार केले: रस्ते-शाळांना पैसा सरकारचा, बदल्यात हजारो घरांना परवानगी.

आपलाही यात हात असतो. समोर इमारत नको, म्हणून शेजाऱ्यांच्या हरकतीवर मीही एकदा सही केली. पुढे माझाच नातू घर शोधू लागला. तेव्हा सही करण्याआधी विचारा, त्या घरांत राहायला येणार कोण?