लगीन कोनाचा?

भिवंडीत आमचे माग होते, तोवर कापडावरचं चित्र म्हणजे मीटरमागे चार पैसे जास्त, एवढंच मला कळायचं. पुढचं शिकलो ते चुकून.

१. चौक चादरीवर छापू नये.
ग्रे कापडात काही सुटेना, म्हणून एका वर्षी वारली चित्रांच्या चादरी काढायचं ठरवलं. मधोमध देवचौक, कडेने तारपा या वाद्यावरचा नाच. पहिला नमुना मोठ्या हौसेने वज्रेश्वरीकडच्या एका पाड्यावर नेला. तिथल्या एका म्हातारीने चादर उलगडली, चौकावर बोट ठेवलं नि विचारलं, "लगीन कोनाचा?"

मला वाटलं, थट्टा करतेय. तिला खरंच उत्तर हवं होतं. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, चौकात पालघट देवी येते, मग लग्न लागतं. लग्नच नाही तर देवीला बोलावलं कशाला, एवढाच तिचा प्रश्न. आणि मी तर त्या देवीवर लोकांना झोपवणार होतो!

२. कलेला 'अनामिक' म्हणणं हा आपला आळस.
सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूजवळच्या गंजाडला कागद-रंग नेले, तेव्हा जिव्या सोमा म्हशे या वारली चित्रकाराचं नाव जगाला कळलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी कुडांवर लिहून गेलेल्या बायकांनाही नावं होतीच की. विचारलं कोणी?

३. परका माणूस कधी कधी आपल्याआधी ओळखतो.
मुंबईत कापड घ्यायला येणारा एक नायजेरियन व्यापारी होता, बेनिन शहरातला, एडो जमातीचा. चादरीची गोष्ट ऐकून हसला नाही. त्यांच्याकडे मेणाचा नमुना करून पितळ ओतणाऱ्या ओतारींची अख्खी गल्ली आहे, इगुन. ही विद्या योरुबांच्या इफे शहरातून आली, असं एडो परंपरा सांगते. नवा राजा, म्हणजे ओबा, गादीवर आला की वडिलांच्या वेदीसाठी पितळी मस्तक घडवून घेई. १८९७ साली इंग्रजांनी राजवाडा लुटला नि ती मस्तकं युरोपातल्या काचेच्या कपाटांत गेली. २०२२ साली जर्मनीने काही वस्तू परत केल्या. "लोक त्या मस्तकांकडे बघतात," तो म्हणाला, "पण ती बघायला केलेलीच नव्हती." म्हातारी आणि हा, दोघं एकच बोलत होते.

४. उगम सांगणाऱ्याचं फार मनावर घेऊ नये.
इफेची मस्तकं पाहून फ्रोबेनिअस या जर्मन संशोधकाला १९१० साली बुडालेलं अटलांटिस आठवलं. आफ्रिकनांच्या हातून असं काही घडेल, हे त्याला पटेना. आमच्याकडे वारली चित्र दिसलं की भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा विषय काढतात. कुडापाशी कोण बसलंय, ते राहूनच जातं.

५. तारपा छापायला हरकत नाही.
हे म्हातारीनेच सांगितलं. नमुन्याची चादर मात्र तिने परत दिली नाही. घडी घातली ती चौक आत जाईल अशी, आणि कणगीमागे ठेवून दिली.