जॉन शिपन : एका होलने हुलकावणी दिलेला गोल्फपटू

शिक्षक-पालक मित्रहो, खेळाडूंची चरित्रं सांगताना आपण बहुतेक वेळा जिंकलेल्यांचीच सांगतो. आज न जिंकलेल्या एकाची गोष्ट.

जॉन शिपनचा जन्म १८७९ चा, वॉशिंग्टनचा. कृष्णवर्णीय कुटुंब, वडील पाद्री. त्यांची नेमणूक न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, शिनेकॉक आदिवासींच्या वस्तीत झाली. शेजारीच १८९१ मध्ये श्रीमंतांसाठी गोल्फचं मैदान तयार झालं. वस्तीतल्याच मजुरांनी ते घडवलं आणि मुलं तिथे कॅडी झाली, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारी. विली डन या स्कॉटिश प्रशिक्षकाने जॉनला खेळ शिकवला. पोरगा इतका तयार झाला, की पंधरा-सोळाव्या वर्षी क्लबच्या सभासदांनाच शिकवू लागला!

१८९६ ची यू. एस. ओपन याच मैदानावर होती. जॉनने नाव दिलं, शिनेकॉक जमातीच्या ऑस्कर बन यानेही दिलं. परदेशातून आलेले व्यावसायिक खेळाडू बिथरले. ही दोघं खेळणार असतील तर आम्ही खेळणार नाही, म्हणाले. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर बधले नाहीत. स्पर्धा होईल, हे दोघेच उरले तरी होईल, असं त्यांनी बजावल्याचं सांगतात. मग सगळे मुकाट्याने खेळले.

जॉन तेव्हा सोळा वर्षांचा. पहिल्या फेरीत त्याने ७८ फटके घेतले. (मुलांना आधी सांगा : गोल्फमध्ये फटके जितके कमी, तितकं चांगलं. नाहीतर सगळा घोळ होतो.) विजेत्या जेम्स फाउलिसचेही त्या फेरीत ७८ च होते. दुसऱ्या फेरीत तेराव्या होलवर जॉनचा चेंडू वाळूच्या गाडीवाटेत गेला आणि निघता निघेना. चार फटक्यांच्या होलला अकरा लागले. शेवटी फाउलिस १५२, जॉन १५९. आता वजाबाकी वर्गातच करून घ्या. त्या एका होलवर चारच फटके लागले असते तर? आकडा फळ्यावर आला की वर्ग आपोआप गप्प होतो. तो होल म्हातारपणीही जॉनच्या मनातून गेला नव्हता.

पुढेही तो यू. एस. ओपन खेळला, पण जिंकला नाही. पोट भरलं ते शिकवण्यावर आणि मैदानं राखण्यावर. न्यू जर्सीतल्या शेडी रेस्ट या कृष्णवर्णीयांच्या क्लबमध्ये त्याने तीस वर्षांहून अधिक काळ काढला. भाऊ येल विद्यापीठात शिकला. याने शाळा सोडून गोल्फ धरला होता. पालकांनी यावर घरी जरूर बोलावं, उत्तर सोपं नाही.

हॅवमायरसारखा माणूस मात्र प्रत्येक दारात उभा नव्हता. १९३४ ते १९६१ या काळात अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेतच ‘फक्त गोरे’ असं कलम होतं. जॉन १९६८ मध्ये वारला. त्याच संघटनेने त्याला सभासदत्व दिलं २००९ मध्ये.