आधी प्लेट पालथी करा

स्टोक-ऑन-ट्रेंटजवळच्या एका जुन्या बाजारात आमच्या वन्संनी निळ्या ‘विलो’ नक्षीच्या सहा प्लेटा घेतल्या. विक्रेत्याने गोष्ट रंगवून सांगितली: श्रीमंत चिन्याची लेक, बापाचा कारकून, पुलावरून पळालेले दोघे, शेवटी त्यांची झालेली पाखरे. प्लेटा १७९० च्या, हे ओघानेच आले. घरी मी एक पालथी केली. मागे ठसठशीत छाप, ‘मेड इन इंग्लंड’!

हे शब्द बहुधा विसाव्या शतकातले. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले, म्हणून नुसते ‘इंग्लंड’ असेल तरी माल साधारण त्यानंतरचाच. मात्र देशाचे नाव नाही म्हणून प्लेट जुनी ठरत नाही. रॉयल वूस्टरच्या छापातला ‘५१’ तर हमखास फसवतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा, १७५१ चा आकडा. कप काल भट्टीतून निघालेला असू शकतो.

नक्षीवरून वय ओळखू म्हणाल तर तेही अवघड. विलोची नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातच चिनी नमुन्यांवरून जुळवली गेली, ती प्रेमकथा मागाहून माल खपवायला रचली, आणि तेव्हापासून कितीतरी कारखाने तेच चित्र छापत आले आहेत. छापण्याची जुनी रीत मात्र बघण्यासारखी. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो एकदा भाजलेल्या प्लेटवर घासून बसवायचा, कागद धुऊन टाकायचा आणि मग वर झिलई. काठाची पट्टी कापून जोडावी लागे, त्यामुळे कुठेतरी वेलबुट्टी जुळत नाही. असा सांधा दिसला तर नाक मुरडू नका. मला तर तो आवडतो.

प्लेट उजेडासमोर धरून मागे बोटे हलवा. पोर्सिलेन असेल तर सावली दिसते. बरीचशी विलो भांडी साध्या मातीची असतात, त्यांना पोर्सिलेनचा भाव देऊ नका. नखाने टिचकी मारा. बद्द वाजली तर तडा शोधा. झिलईवर रंगवलेल्या जुन्या भांड्यांत शिसे असू शकते, तेव्हा त्यांत लिंबाचे लोणचे, चिंचेची चटणी वाढू नये. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो.

आणि विक्रेता तोंडाने साल सांगत असेल, तर तेच पावतीवर लिहून मागा. भाव पुष्कळदा तिथेच उतरतो.