एआयच्या मदतीने सभेचं इतिवृत्त: एका संध्याकाळचं काम

मी तीन गृहनिर्माण संस्थांचं दप्तर सांभाळते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे सगळ्या सभा महिन्याच्या शेवटच्या दोन रविवारी येतात आणि ऑक्टोबर इतिवृत्तं लिहिण्यात जातो. एकेका इतिवृत्ताला पूर्वी तीन-तीन संध्याकाळी लागायच्या, आता एक पुरते. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कुठलंही वापरा. त्याला काय देता आणि नंतर काय तपासता, यावर सगळं अवलंबून आहे.

१. टिपणं हातानेच घ्या. सगळी सभा रेकॉर्ड करून एआयकडे सोपवायचा मोह होतो. मी करून पाहिलं आहे. डोक्यावर पंखा, मागे मुलांचा गलका, आणि पार्किंगचा विषय निघाला की चौघं एकदम बोलतात. त्यातून निघालेला मजकूर निस्तरायला सभेपेक्षा जास्त वेळ गेला. वहीत विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि नेमका निर्णय एवढंच टिपा. कुणी विरोध नोंदवायला सांगितला तर त्याभोवती चौकट करा.

२. त्याच रात्री टिपणं बोलून टाइप करा. गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगची भाषा मराठी ठेवली की काम बरंच सोपं होतं. आकडे मात्र बोलू नका, हाताने टाका. सभेत आपण पावणे, सव्वा, साडे, अडीच याच भाषेत बोलतो आणि यंत्र नेमकं तिथेच घसरतं. रंगकामाचे पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००; माझ्या एका मसुद्यात ते २,७५,००० झाले होते.

३. बोलून टाइप करतानाच नावं काढून टाका. थकबाकीदारांची नावं, सदनिका क्रमांक, फोन यांतलं काहीही बाहेरच्या यंत्राला देऊ नये. सभासदांनी ती माहिती संस्थेला विश्वासाने दिलेली असते. नावांच्या जागी क१, क२, क३ लिहा आणि कोण कुठला याची यादी वहीत ठेवा. टिपणात नेहमी ‘क१ यांनी’, ‘क१ यांना’ असंच लिहा. ‘क१ने’ लिहिलंत तर शेवटी खरी नावं घालताना प्रत्येक नावाचा प्रत्यय वेगळा जुळवत बसावं लागतं. ‘यांनी’ कुठल्याही नावापुढे बसतं.

४. नमुना द्या. गेल्या वर्षीचं, सभेने कायम केलेलं इतिवृत्त घ्या, त्यातलीही नावं झाका आणि सोबत जोडा. जुनी फाइल श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा. तशीच चिकटवलीत तर मराठीऐवजी भलत्याच चिन्हांचा चुथडा दिसतो. नमुना दिल्याचा मोठा फायदा भाषेत दिसतो. नाहीतर यंत्र ‘समितीद्वारे निर्णय घेतला गेला’ असली वाक्यं देतं. नमुना पाहिल्यावर ‘समितीने ठरविले’ असं सरळ लिहितं.

५. सूचना स्पष्ट लिहा. माझी अशी असते:

‘खालच्या टिपणांवरून वार्षिक सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा कर. मांडणी आणि भाषा नमुन्याप्रमाणे ठेव, पण नमुन्यातली माहिती घेऊ नकोस. टिपणात नसलेलं काहीही घालू नकोस. सूचक, अनुमोदक किंवा रक्कम नसेल तिथे “माहिती हवी” असं लिही. विरोध झाला असेल तर जसाच्या तसा नोंदव. शेवटी तुला आलेल्या शंका लिही.’

बारा विषय एकदम दिले की शेवटच्यांची दोन ओळींत बोळवण होते. मी चार-चार करून देते.

६. आता खरं काम: ताडून पाहणं. यात मी एकदा चुकले आहे. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सदनिकेमागे वर्गणी काढायचा ठराव होता. तिघांनी विरोध केला. त्यातल्या एका काकांनी उभं राहून ‘माझा विरोध लिहून घ्या’ असं सांगितलं होतं आणि वहीत त्याला चौकटही होती. मसुद्यात आलं, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. वाक्य इतकं ओळखीचं की माझी नजर त्यावरून नुसती सरकली. असे ठराव बहुतेक वेळा सर्वानुमतेच होतात, आणि जे बहुतेक वेळा असतं तेच लिहिण्याकडे या यंत्राचा ओढा असतो. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करायची वेळ आली तेव्हा काका उठले. रागावले नाहीत, पण त्यांना लागलं होतं, हे दिसत होतं. बहुमत विरुद्ध गेल्यावर माणसाच्या हातात दप्तरातली ती एक ओळच उरते, आणि ती मी पुसली होती. भर सभेत दुरुस्ती करून घेतली.

तेव्हापासून मी दोनदा ताडते. आधी वही समोर धरून एकेका टिपणावर खूण करत ते मसुद्यात शोधते. चौकटी सगळ्यांत आधी. मग उलट: मसुद्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक सूचक-अनुमोदक वहीत सापडतो का ते पाहते. सापडला नाही तर खोडते, कितीही शोभत असला तरी. नुसता मसुदा वाचून तपासू नका. तो नेहमीच गुळगुळीत असतो.

७. ‘शोधा आणि बदला’ वापरून खरी नावं घाला. सुरुवात मोठ्या क्रमांकापासून करा, नाहीतर क१ बदलताना क१२ मधलाही क१ बदलतो. मग छापील प्रत काढून अध्यक्षांना किंवा सचिवांना मोठ्याने वाचून दाखवा. कानाला खटकलेलं तिथेच दुरुस्त होतं. सह्या झाल्यावर टिपणांची ती वहीही त्या वर्षाच्या फाइललाच लावून ठेवा.