शेतातील बिनविषारी व निमविषारी साप : ओळख आणि दक्षता

बांधावर दिसणारा प्रत्येक साप विषारी नसतो. धामण, दिवड, तस्कर व कवड्या हे साप बिनविषारी आहेत. नाग समजून धामण अनेकदा मारली जाते. मात्र तिला फणा नसतो आणि उंदीर हे तिचे प्रमुख भक्ष्य आहे. उंदरांच्या बिळात शिरणारा हा भक्षक नष्ट झाल्यास पिकाचे व साठवलेल्या धान्याचे नुकसान वाढते.

मांजऱ्या व हरणटोळ निमविषारी आहेत. त्यांचे विषदंत वरच्या जबड्यात मागील बाजूस असतात. सरड्यासारखे भक्ष्य निश्चेष्ट करण्यास त्यांचे विष पुरते. माणसास सहसा दंशाच्या जागी सूज व वेदना एवढाच त्रास होतो.

ओळखण्यातील चूक मात्र जिवावर बेतू शकते. कवड्याचे आडवे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. अतिविषारी मण्यारीचे पट्टे याउलट शेपटीकडे ठळक असतात. मण्यारीचा दंश बहुधा फारसा दुखत नाही. त्यामुळे वेदना नाही म्हणून दंश बिनविषारी ठरवू नये. जखम कापू नये, अवयव आवळून बांधू नये. तो स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. शिवारफेरीत विस्तार कार्यकर्त्यांनी या दोन्ही बाबी एकत्रच सांगाव्यात : साप मारू नये आणि दंश दुर्लक्षू नये.