एका रविवारचा रस्ता आणि त्याचं बिल

भाचीला हवा होता एकच रविवार. सोसायटीसमोरची गल्ली सकाळी सहा ते अकरा गाड्यांना बंद, मधोमध सतरंज्या, खडूने आखलेलं लंगडीचं मैदान, कडेला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे आराखडा झकास रंगवलेला होता. आत्याने चष्मा लावून तो उभा-आडवा पाहिला.

"खर्च कुठे लिहिलायस?"

"खर्च कसला? रस्ता तर आहेच की."

आत्याची सगळी नोकरी एका महापालिकेच्या लेखा विभागात गेली. तिने कागद बाजूला ठेवला आणि शेंगा सोलायला घेतल्या. बोलणं लांबणार, याची ही खूण.

भाचीने आपला हुकमाचा पत्ता काढला. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'रीबार' नावाच्या गटाने पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी टाकली आणि त्या जागेत गाडी लावण्याऐवजी हिरवळीचा तुकडा पसरला, बाक मांडला, एक झाड ठेवलं. दोन तासांची बाग! मग जगभर 'पार्किंग डे' होऊ लागला.

"म्हणजे भाडं भरलं त्यांनी," आत्या म्हणाली. "हे मला आवडलं. पुढे काय झालं?"

पुढे २०१० च्या सुमारास त्या शहराने अशा छोट्या बसायच्या जागांना रीतसर परवाने द्यायला सुरुवात केली. बांधणीचा खर्च, परवाना शुल्क, विमा, रोजची झाडलोट हे सगळं अर्ज करणाऱ्याकडे. बहुतेकदा तो समोरचा कॅफेवाला. बसायचा हक्क मात्र सगळ्यांना. चहा घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही.

"आणि ज्या गल्लीत कॅफे नाही, तिथे?"

भाची गप्प. प्रश्न नेमका होता. खासगी खिशातून सजलेली सार्वजनिक जागा आधी तिथेच उगवते, जिथे खिसे भरलेले असतात.

"मग महापालिकेने द्यावेत ना पैसे," भाची उसळली. "पुण्यात नागरिकांना कामं सुचवता येतात अंदाजपत्रकात."

"येतात. २००६-०७ पासून. एका कामाला पाच लाखांपर्यंत. पण बाक बसवला की मोजमाप पुस्तकात नोंद होते, त्यावर बिल निघतं. तुझं खडूचं मैदान सोमवारी अभियंत्याने काय मोजायचं?"

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. सरकारी पैशाला मागे काहीतरी उरलेलं दिसावं लागतं. पाच तासांत उभं राहून मोडणाऱ्या गोष्टीला लेखाशीर्ष सापडत नाही, मग ती कितीही स्वस्त असो. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन झाला, तो पालिकेचा स्वतःचा उपक्रम होता. वरून ठरलं की तरतूद होते. भाचीचं गाडं खालून वर चढत होतं.

लंडनने यावर एक तोडगा काढला आहे. 'स्पेसहाइव्ह' या संकेतस्थळावर वस्तीतले लोक आपली कल्पना आणि लागणारी रक्कम मांडतात. शेजारीपाजारी, दुकानदार आपापली रक्कम कबूल करतात. ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापले जातात, नाहीतर कुणाचं काहीच जात नाही. २०१४ पासून लंडनच्या महापौर कार्यालयानेही निवडक प्रकल्पांत आपला वाटा टाकला. म्हणजे लोकांनी दहा-दहा पौंड टाकून 'हे आम्हाला हवंय' असं दाखवायचं, मग सरकारने हात लावायचा.

रॉटरडॅमची गोष्ट त्याहून मजेशीर. तिथे 'झुस' या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने रस्ते आणि रेल्वेमार्ग ओलांडणारा लाकडी पादचारी पूल सुचवला, 'लुख्टसिंगल'. पंचवीस युरो द्या, फळीवर आपलं नाव कोरून घ्या! फळ्यांवर सगळा पूल झाला नाहीच. मोठी रक्कम आली ती शहराने नागरिकांच्या मतदानातून दिलेल्या चाळीस लाख युरोंतून. पण नावांच्या फळ्या आधी दिसल्या नसत्या तर मतं पडली असती का, असा संशय घ्यायला जागा आहे.

"नाव कोरलेली फळी," आत्या हसली. "आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशी."

ती उठली आणि कपाटातून सोसायटीच्या गणेश मंडळाची जुनी हिशेबाची वही घेऊन आली. पिवळी पानं, निळी शाई. मांडववाला, आगाऊ. सुतळी. ताडपत्री भाडं. आणि शेवटच्या ओळीत, खड्डे बुजवणे: वाळू, सिमेंट, एक मजूर.

भाचीने ती ओळ दोनदा वाचली.

"दहा दिवस रस्त्याचं रूप पालटायचं आणि अकराव्या दिवशी तो परत द्यायचा, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको," आत्या म्हणाली. वर्गणीची पावती फाडली की घरातला माणूस मांडवाकडे आपला म्हणून बघतो. अर्थात पावती पुस्तकाचा धाक दाखवून खंडणी गोळा करणारेही याच परंपरेतले. म्हणूनच नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली. मांडवासाठी रस्त्यात खणलेल्या खड्ड्यांचाही दंड असतो. मुंबईत २०२५ साली तो खड्ड्यामागे दोन हजारांवरून पंधरा हजारांवर नेला गेला आणि ओरड झाल्यावर परत खाली आला.

"मी तर खड्डा खणणारच नाहीये," भाची म्हणाली.

"उत्तम. मग लिही." आत्याने आराखडा उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने रकाने आखले. खुर्च्यांचं भाडं. वाहतूक पोलिसांकडे अर्ज. दोन्ही टोकांना अडथळे आणि तिथे उभी राहणारी माणसं. झाडू, पोती. खडू. बेरीज काही हजारांत आली. छत्तीस घरांत भागली तर घरटी एका पिझ्झाहून कमी.

"तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांसाठी रुग्णवाहिका आली तर?" आत्याने विचारलं.

भाचीने आराखडा सुलटा करून पाहिला. सतरंज्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होत्या. तिने ड्रॉवरमधून मोजपट्टी काढली आणि चपला घालून खाली गेली.