विदुलेची कठोर माया

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुलेचे आख्यान येते. विस्तार पाहू गेल्यास ते अवघे चार अध्यायांचे आहे. नीलकंठी पाठात ते १३३ ते १३६ या अध्यायांत सापडते, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत १३१ ते १३४ या अध्यायांत. या आवृत्तीत मातेचे नाव ‘विदुरा’ असे छापलेले आहे. पण आपल्या कानांना सवय ‘विदुला’ याच नावाची असल्याने येथे तेच ठेवले आहे. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात आपल्या बडोदे संस्थानच्या सेवेत होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यांनी याच आख्यानाचे इंग्रजी पद्य रूपांतर केले व ते १९०७ साली ‘वंदे मातरम्’ पत्रात प्रसिद्ध झाले. परतंत्र देशाच्या तरुणांस जे ऐकवावयाचे होते ते त्यांना येथे तयारच सापडले.

पुढे हे आख्यान घराघरांत पोचले खरे, पण बहुधा अर्धेच पोचले. मुलाला चार कडक शब्द सुनावून झाले की वडीलधारी माणसे विदुलेचा दाखला देतात. प्रस्तुत लेखकानेही तो दिलेला आहे. त्याविषयी पुढे येईलच. प्रथम मूळ कथा काय सांगते ते पाहू.

सिंधुराजाकडून पराभूत होऊन संजय नावाचा राजपुत्र घरी परतला आहे आणि हताश होऊन पडून आहे. (धृतराष्ट्राला युद्धवार्ता सांगणारा संजय तो हा नव्हे.) त्याची माता विदुला ही बहुश्रुत, दीर्घदर्शी आणि मानी क्षत्रिया. ती त्याच्या उशाशी बसून डोक्यावरून हात फिरवीत नाही. तू माझा नव्हेस, तुझ्या पित्याचाही नव्हेस, मग आलास तरी कोठून, असा तिचा पहिलाच प्रश्न आहे. टेंभुर्णीच्या लाकडासारखे घटकाभर तरी भडकून पेटावे, कोंड्याच्या विस्तवासारखे धुमसत राहू नये, असे ती त्याला बजावते. लहानसा ओढा थोड्या पाण्याने भरतो, उंदराची ओंजळ चार दाण्यांनी भरते, आणि भित्र्या मनुष्याला थोडक्यात समाधान वाटते, असा टोमणाही मारते. त्याच्या पौरुषाला लागेल असे आणखीही ती बरेच बोलते. त्यांतील काही उद्गार आजच्या घरात कोणी उच्चारू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तो रणधर्माचा काळ होता. त्या काळची सर्वच परिमाणे आपण उचलण्याचे कारण नाही.

या भडिमारातही ती स्वतःविषयी काय बोलते तिकडे मात्र लक्ष द्यावे. एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात यावे तशी ती एका थोर कुळातून दुसऱ्या थोर कुळात आली. दारी आलेल्या याचकाला तिने किंवा तिच्या पतीने कधी ‘नाही’ म्हटले नव्हते. आता ते म्हणण्याची वेळ आली आहे आणि त्या विचारानेच तिचे काळीज फाटते. आश्रित, सेवक, आचार्य, पुरोहित पोट भरत नाही म्हणून घर सोडून चालले आहेत; आपली माता आणि पत्नी कृश झालेल्या पाहशील तेव्हा तुझ्या जगण्याला अर्थ काय उरेल, असे ती विचारते. म्हणजे ज्या विपत्तीत मुलगा आहे त्याच विपत्तीत तीही आहे. काठावर उभे राहून पोहणाऱ्याला शिकविण्याचा हा प्रकार नव्हे. बोलणारी मानेपर्यंत त्याच पाण्यात आहे.

मुलाचे उत्तरही विलक्षण आहे. तो म्हणतो, आई, तुझे हृदय लोखंड ठोकून घडविले आहे की काय? मी दिसेनासा झालो तर सारी पृथ्वी मिळूनही तुला तिचा काय उपयोग? मोठा रास्त प्रश्न आहे. व्यासांनी तो मुलाच्या तोंडी घातला आणि दडपून टाकला नाही, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. विदुला त्यावर ‘मला दया नाही’ असे म्हणत नाही. तू अपकीर्तीच्या तोंडाशी आलेला असता मी गप्प राहिले, तर ते माझे गाढवीचे वात्सल्य ठरेल, असे ती म्हणते. संस्कृतातला शब्द ‘खरीवात्सल्य’. ज्यात सामर्थ्य नाही आणि हेतूही नाही अशी माया. गाढवी पिलाला चाटते, पण त्याच्या पाठीवरचे ओझे तिला कळत नाही, असा या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता लावून घेतला आहे.

येथपर्यंतची विदुला सर्वांना परिचित आहे. पुष्कळ कीर्तनांत व पाठ्यपुस्तकांतल्या धड्यांत कथा येथून एकदम ‘आणि तो उठला’ या वाक्यावर उडी घेते. मूळ ग्रंथात मात्र तो या शब्दांनी उठत नाही. तो म्हणतो, माझ्यापाशी कोश नाही, साहाय्य नाही. मग जय कोठून मिळणार? हे जाणूनच माझे मन राज्यावरून उडाले. तुला काही उपाय दिसत असेल तर सांग, मी त्याप्रमाणे करीन.

आख्यानाला खरे वळण मिळते ते येथे. मुलाने उपाय विचारला आणि त्या क्षणापासून मातेचा स्वर पालटला. मागे यश आले नाही म्हणून स्वतःचा अवमान करू नये, ती सांगते. नसलेल्या गोष्टी होतात, असलेल्या जातात. कर्माच्या फळाची शाश्वती नाही हे ओळखून जे काम करतात त्यांना फळ मिळते किंवा मिळतही नाही. जे मुळीच करीत नाहीत त्यांना मात्र ते निश्चित मिळत नाही. ती खोटी आशा दाखवीत नाही, ‘तू जिंकशीलच’ अशी हमीही देत नाही. हे एक प्रकारचे गणित आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडलेले आहे.

त्यानंतर ती व्यवहारावर येते. शत्रूच्या पदरी असलेल्यांपैकी कोण रागावलेले आहेत, कोण लोभी, कोण क्षीण झालेले, कोणाचा अपमान झालेला आहे, ते हेर आणि त्यांना आपल्याकडे वळव. त्यांना वेतन आगाऊ दे. पहाटे ऊठ. गोड बोल. आणि सर्वांत शेवटी ती एक गोष्ट उघड करते. आपल्यापाशी मोठा धनसंचय आहे, तो तुला माहीत नाही, मला एकटीलाच माहीत आहे. तो मी तुझ्या स्वाधीन करते. शिवाय सुखदुःखात सोबत राहणारे, रणातून पाठ न फिरविणारे तुझे शेकडो सुहृद अद्याप आहेत.

तो ठेवा तिने आधीच का सांगितला नाही? अंथरुणावर पडलेल्याच्या हाती धन दिले असते तर ते कदाचित अंथरुणावरच संपले असते, हे एक उत्तर. दुसरेही एक उत्तर संभवते आणि मला ते अधिक पटते. कठोर बोलण्याचा अधिकार तिला होता, कारण देण्यासारखे काही तिच्या हाती होते आणि ते देण्याची तिची तयारी होती. अभ्यासकांनी याचा जरूर विचार करावा.

संजय उठला. आपण मध्ये मध्ये थोडेसेच बोलून गप्प राहिलो ते तुझे आणखी ऐकावे म्हणून, अमृताने तृप्ती होत नाही तशी माझी तृप्ती होत नव्हती, असे तो शेवटी कबूल करतो. चांगल्या जातीचा घोडा जसा टोचणीने उसळावा तसा तो शब्दबाणांनी उसळला आणि मातेने सांगितले तसे त्याने सर्व केले, एवढेच ग्रंथकार सांगतो. पुढे लढाईचे वर्णन नाही. आख्यानाला ‘जय’ असे नाव असूनही संजयाने सिंधुराजाला कसे जिंकले याची हकीकत त्यात आढळत नाही.

आता हे आख्यान कोण कोणाला सांगते ते पाहू. कृष्णशिष्टाई फसलेली आहे. कृष्ण हस्तिनापुराहून निघण्यापूर्वी कुंतीच्या भेटीस गेला आहे आणि मुलांसाठी निरोप म्हणून ती त्याच्यापाशी विदुलेची कथा सांगते. तेरा वर्षे ती विदुराच्या घरी राहिली आहे. याच पर्वात थोडे मागे जावे. कृष्ण हस्तिनापुरात आला तेव्हा हीच कुंती त्याच्या गळ्यात पडून रडली होती. शंखांच्या नादाने जागे होणारी माझी मुले रानात कशी झोपली असतील, असे एकेकाचे नाव घेऊन तिने विचारले होते. राज्य गेले, द्यूतात हार झाली, मुले वनात गेली, याचे दुःख होतेच; परंतु द्रौपदीला सभेत आणले गेले त्या दुःखापुढे ते काहीच नाही, असेही ती बोलली होती. जी इतकी रडली तिनेच विदुलेचे शब्द धाडले. कणखरपणा म्हणजे अश्रू आटणे, अशी आपली समजूत असेल तर व्यासांच्या या दोन प्रसंगांशी ती जुळत नाही.

आता थोडे घरचे. प्रस्तुत लेखकाने शाळेत पुष्कळ वर्षे संस्कृत शिकविले. घरचा मुलगा पदवीच्या परीक्षेत गणितात एकदा नापास झाला, मग दुसऱ्यांदा झाला. दुसऱ्या वेळी तो दोन दिवस माडीवरच्या खोलीत पडून होता. मी वर गेलो आणि उंदराच्या ओंजळीपासून कोंड्याच्या विस्तवापर्यंत जे जे पाठ होते ते त्याला अर्थासह ऐकविले. मनात एक प्रकारचे समाधानही होते की आपण कर्तव्य केले. मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर सुमारे चार महिने तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे, आणि मी पानावर बसलो की तो उठून जाई.

त्याच्या मातोश्रींनी संस्कृतचे एक अक्षर कधी गिरविले नव्हते. त्यांनी पंधरा दिवसांनी त्याला एवढेच विचारले, “नेमके कुठे अडते रे?” तो म्हणाला, “पहिल्या वर्षाचेच कच्चे राहिले आहे, पुढचे काहीच लागत नाही.” ही गोष्ट दोन वर्षांत त्याने मला सांगितली नव्हती, मी विचारलीही नव्हती. आमच्याच पोळात एक गुजराती मास्तर राहत. त्यांच्याकडे ह्या स्वतः गेल्या, शिकवणी ठरविली, आणि तिचे पैसे भिशीतून दिले. भिशी चालू आहे हे मला त्या दिवशी कळले. पहाटे साडेचारला मुलाला उठवून चहा द्यावयाचा आणि तो वाचीत असता समोर तांदूळ निवडीत बसावयाचे, असा क्रम त्यांनी आठ महिने चालविला. एखादे दिवशी तो उठला नाही तर त्या चांगल्या रागावत. तो आवाज खालपर्यंत येई. पण त्या रागाने तो कधी पानावरून उठून गेला नाही. तिसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला. वर्ग फार मोठा मिळाला नाही.

पुढे निवृत्तीनंतर मंदिराच्या अभ्यासवर्गासाठी उद्योगपर्व पुन्हा ओळीने वाचावयास घेतले, तेव्हा धनसंचयाच्या श्लोकापाशी मी थांबलो. तो श्लोक मी पूर्वी वाचला नव्हता असे नाही, वर्गात शिकविलाही होता. त्या दिवशी मात्र पुढे वाचवेना. पोथी मिटून मी खाली गेलो आणि घरात हा श्लोक अर्थासह वाचून दाखविला. “मग यात नवीन काय?” असे उत्तर आले.

या कथेचा शेवट उद्योगपर्वात नाही, तो आश्रमवासिकपर्वात आहे. युद्ध संपून पंधरा वर्षे झाली आहेत. मुले राज्यावर आहेत, घरात काही उणे नाही. अशा वेळी धृतराष्ट्र आणि गांधारी वनात निघाली, तेव्हा कुंतीही त्यांच्याबरोबर निघाली. धर्मराजाने तिला अडविले. विदुलेचे शब्द सांगून तूच आम्हाला उभे केलेस, आता आम्हाला टाकून जाणे तुला शोभत नाही, असे तो म्हणाला. भीम नेहमीप्रमाणे अधिक रोखठोक आहे. हेच करावयाचे होते तर आम्हाकडून पृथ्वीचा नाश कशाला करविलास, असे त्याने विचारले. ज्याने सोसले त्याने मातेला एक दिवस असा जाब विचारावा, याला व्यासांची हरकत नाही असे दिसते.

कुंतीने उत्तर टाळले नाही. तुम्ही द्यूतात सर्वस्व गमावून बसला होता, आप्तांनी तुम्हास तुच्छ लेखले होते, द्रौपदीची विटंबना झाली होती; तुमचे कुळ बुडू नये, तुम्ही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत जगू नये, म्हणून मी विदुलेचे बोल सांगितले. मुलांनी मिळविलेल्या राज्याचे फळ मला नको आहे. पतीच्या राज्यात मी भोगावयाचे ते भोगले. एवढे बोलून तिने त्यांना परतावयास सांगितले. त्यापूर्वी धर्मराजाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. सहदेवावर कधी रुष्ट होऊ नकोस, त्याचा माझ्यावर फार जीव आहे. आणि कर्णाची आठवण ठेव.

मग ती निघाली. डोळ्यांवर पट्टी असलेल्या गांधारीचा हात कुंतीच्या खांद्यावर होता, आणि धृतराष्ट्राचा हात गांधारीच्या खांद्यावर. मुले काही अंतर मागोमाग गेली आणि तिने वळून पाहिले नाही तेव्हा नगरात परत आली.